कचऱ्यासमोर माझं नाव

"वहिनी, तुम्ही नका हात लावू यात. नैवेद्याचं आहे."

अपर्णाताई हळूही बोलल्या नाहीत आणि ओरडून तर नाहीच. जरा तो चमचा द्या, असं म्हणावं तसं म्हणाल्या. माझ्या तळहातावर उकडीची पारी होती. अर्धी झालेली.

इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेतल्या एका शाळेचं कॅफेटेरिया आमचं मंडळ दर गणपतीला भाड्याने घेतं. लांब टेबलाशी सात-आठ बायका मोदक वळत होत्या. एक जण फोन घ्यायला उठली, म्हणून तिच्या जागी मी बसले होते.

"तुमचं ते काम असं," त्या पुढे म्हणाल्या. "बेडपॅन वगैरे. गैरसमज नको हं. प्लेट्सचं तुमच्याइतकं नीट कुणी बघत नाही. आणि यादीतही तुम्ही स्वतःच तसं लिहिलंय की."

मी पारी ताटात ठेवली. त्यांनी ती उचलली आणि पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून माझ्या हातात दिली. कचऱ्याची पिशवी माझ्याकडेच होती.

मी हॉस्पिटलमध्ये नर्सिंग असिस्टंट होते. पेशंटला पुसणं, कूस बदलणं, चादरी, बेडपॅन. त्या दिवशीही सकाळी जाऊन आले होते. घरी येऊन अंघोळ केली, केस धुतले, नवी साडी नेसले.

पाच मिनिटांनी सई आली. अपर्णाताईंची मुलगी, इथेच जन्मलेली, वय चोवीस. माझ्याच मजल्यावर रजिस्टर्ड नर्स. सकाळी आम्ही दोघींनी मिळून एका आजोबांना साफ केलं होतं. ती त्यांना कुशीवर धरून होती, मी पुसत होते. मग हात बदलले, ती पुसत होती, मी धरून होते. ती कामावरून सरळ आली होती, त्याच निळ्या कपड्यांत.

"ये गं, दमलीस? बस, दोन मोदक वळ," अपर्णाताई म्हणाल्या. "हात धुतलेस ना? मग झालं."

सई बसली. सगळ्यांनी तिच्या कळ्यांचं कौतुक केलं. कळ्या वाकड्या होत्या.

मी पेपर प्लेट्स मोजल्या आणि दहा-दहाचे गठ्ठे केले. तेवढ्यात मनात मत्सर असा भरला की आकडा चुकला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सईचं घर, गाडी, गोरेपण यातलं मला काही नको होतं. मला ते वाक्य हवं होतं. हात धुतलेस ना, मग झालं. माझ्या हातांना ते कुणी कधी म्हटलं नव्हतं.

मग मी भिंतीवरच्या यादीसमोर जाऊन उभी राहिले. मंडळाच्या सगळ्या याद्या मीच करते. घरी किराण्याची, औषधांची, बॅगेत काय भरायचं त्याची, सगळ्यांची यादी असते. मला तो नादच आहे. ही यादीही माझीच. नैवेद्य, आरती, सजावट, प्रत्येकासमोर नावं. सगळ्यात खाली: पेपर प्लेट्स, कचरा. समोर माझं नाव.

पहिल्या वर्षी अपर्णाताईंनी फोनवर सांगितलं होतं, मी टाइप केलं. त्यानंतर दर वर्षी जुनी शीट कॉपी करायची, तारीख बदलायची. पाच वर्षं मी माझ्या बोटांनी माझं नाव कचऱ्यासमोर ठेवत आले होते. एकदाही नजर अडली नाही.

हे कामामुळे की आडनावामुळे, ते मला सिद्ध करता येणार नाही. आमचं आडनाव ऐकलं की लोक गाव विचारतात. गाव सांगितलं की विचारतात, गावात कुठे. माझे वडील नागपूरच्या सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होते. डॉक्टर आले की भिंतीला टेकून उभे राहायचे. मी तशीच उभी आहे हे मला त्या कॅफेटेरियात कळलं. पाठ खरोखरच भिंतीला टेकलेली होती.

त्याच आठवड्यात कम्युनिटी कॉलेजात जाऊन आले. दोन वर्षांची असोसिएट डिग्री, त्याआधी अ‍ॅनाटॉमी आणि मायक्रोबायॉलॉजी, शेवटी लायसन्सची परीक्षा. मग रजिस्टर्ड नर्स. वय त्रेचाळीस. नवरा म्हणाला, "सत्तेचाळीस होशील संपेपर्यंत." मी म्हटलं, "नाही केलं तरी होईनच."

मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये बाईंनी प्रत्येकाला हात धुवायला लावून बोटं काचेच्या बशीत टेकवायला सांगितली. दोन दिवसांनी बश्या उघडल्या. पोरांच्या बश्यांत जंतूंचे पिवळे-पांढरे ठिपके भरभरून उगवले होते. माझ्या बशीत तीन. बाई म्हणाल्या, "हात कसे धुवायचे ते हिला विचारा." मी त्या बशीचा फोटो काढला. कुणाला दाखवला नाही. पण डिलीटही केला नाही.

जळणं थांबलं नाही. वर्गातली पोरं वीस वर्षांची, एकदा वाचलं की त्यांच्या डोक्यात बसायचं. मी कामावर जायच्या आधी पार्किंगमध्ये गाडीत बसून तेच पान चार वेळा वाचायचे. आणि सई समोरून कॉफी घेऊन जायची. डिग्री असलेली माणसं चालतात तशी.

एकदा ब्रेकमध्ये म्हणाली, "मावशी, फार्माकॉलॉजी इज द वर्स्ट, यार. माझ्या नोट्स देऊ?"

"नको," मी म्हटलं. "माझ्या आहेत."

नव्हत्या. तिच्याकडून काही घ्यायचंच नव्हतं. पहिल्याच परीक्षेत नापास झाले. दुसऱ्या दिवशी जाऊन मागितल्या. त्या मागताना जीभ जितकी जड झाली तितकी मोदकाच्या दिवशीही झाली नव्हती. तिने काही न विचारता दिल्या. समासात तिच्या बारीक अक्षरात जागोजागी लिहिलेलं होतं: आय डोन्ट गेट धिस. तिलाही जमत नव्हतं. तिला फक्त ते विशीतच न जमण्याची सोय होती.

नोट्सचा उपयोग झाला, हे लिहायलाच हवं. मत्सर मात्र गेला नाही. चार वर्षं तो माझ्याबरोबर अभ्यासाला बसला.

या उन्हाळ्यात लायसन्स मिळालं. त्याच मजल्यावर, त्याच हॉस्पिटलात, गळ्यातल्या बॅजवर नवीन अक्षरं. पहिल्या दिवशी एका आजींना साफ केलं. काम तेच. पाणी तेच. हात तेच.

अपर्णाताईंचा फोन आला. "वहिनी, अभिनंदन. सईने सांगितलं. आता यंदा मोदकाला तुम्ही हव्यातच हं. नर्स झालात, आता काय."

ज्या वाक्यासाठी चार वर्षं जळले ते असं फोनवर आलं. आणि ऐकताना मला मंडळात नवीन आलेली एक बाई आठवली. शेजारच्या एडिसनमध्ये एका वृद्धाश्रमात असिस्टंट आहे. गेल्या वर्षी प्लेट्स तिने मोजल्या. शीट मीच कॉपी केली होती. माझं नाव काढून तिचं टाकलं होतं. अभ्यास होता, वेळ नव्हता, कुणीतरी लागणारच होतं. हेही मीच केलं.

"मोदकाला येईन," मी म्हटलं. "यादी मात्र नवी केलीय. आता पाळी. प्रत्येकाला एक वर्ष नैवेद्य, एक वर्ष कचरा. यंदा कचऱ्याला तुम्ही आहात."



"अहो, असं कसं? नैवेद्याचं ताट मी वाढते. मी कचऱ्याला हात कसा लावू?"

"हात धुवा," मी म्हटलं. "मग झालं."

त्यांनी फोन ठेवला. मी यादी छापली. अध्यक्षांना आवडणार नाही, दोन-तीन कुटुंबं बोलणं बंद करतील, कदाचित यंदा मला यादीच करू देणार नाहीत. मग मी घरून टेप घेऊन जाईन आणि ही भिंतीवर लावीन. काढली तर दुसरी लावीन. प्रती दहा काढल्यात.