धुतलेलं बियाणं

मासिंदी मयताच्या घरीसुद्धा स्वतःचा डबा घेऊन जायची. आता बोला! अशा बाईचा शेजार मी जन्मभर केला. अंगणात मोठाल्या पातेल्यांतून मक्याच्या पिठाची घट्ट शिजवलेली वुस्वा वाढली जातेय, बाया चटयांवर बसल्यात, आणि ही झोळीतून डबा काढून घरची वुस्वा पालेभाजीबरोबर खातेय. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"अगं, एक घास तरी घे त्यांचा," मी तिला कोपरानं ढोसायची.

"दुकानातलं पीठ आहे ते. जनुकं बदललेला मका," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची.

"आम्ही इतकी वर्षं खातोय, मेलो का?"

"मेलात असं कुठं म्हटलं मी? मला कुणी विचारलं नाही, एवढंच. काय बदललंय ते नीट सांगितलं असतं, तर खायचं की नाही ते माझं मी ठरवलं असतं."

हट्टी होती, पण खोटं बोलणारी नव्हती. घरात प्लास्टिकची पिशवी नाही, भांडी राखेनं घासायची, शेतात फवारणी नाही. सासूनं दिलेलं मक्याचं बियाणं चुलीवर धुरात टांगलेलं. त्याला आमच्या मक्याच्या फुलोऱ्याचा वारासुद्धा लागू नये म्हणून तिनं शेत टेकडीपलीकडे केलं होतं, कारण आम्ही बाकी सगळे पाकिटातलं बी पेरणारे. दर शनिवारी ती लुई त्रिकार्ड शहराच्या बाजारात पीठ विकायला बसायची. तिथं कापडी पिशव्या घेऊन येणाऱ्या बायका तिच्यापुढे रांग लावायच्या, तान्ह्यांना भरवायला तिचंच पीठ न्यायच्या.

यंदा बाजारवाल्यांनी नवा नियम काढला. बाजार सांभाळणाऱ्या एल्मारीनं प्रत्येकीला तपासणीच्या पट्ट्या दिल्या. दाणे कुटायचे, पाण्यात ढवळायचे, पट्टी बुडवायची. एक रेघ आली तर मका जुना, दोन आल्या तर बदललेला. घरी तपासायचं आणि शनिवारी खरं काय ते सांगायचं, सगळा विश्वासाचा मामला.

"तुझं काय तपासायचं," मी हसून म्हटलं. तरी तिनं माझ्यासमोर अंगणात पट्टी बुडवली. दोन रेघा. दुसरी पट्टी. दोन रेघा. मासिंदी पट्टी पदराला पुसून पुन्हा बघत राहिली.

"आला असेल कुठून तरी वारा," मी म्हटलं.

उत्तर त्याच आठवड्यात चालत आलं. तिची सून रोफिवा पोटुशी, म्हणून विहीणबाई भेटायला आल्या. सून घरात येते ती माहेरच्या बियाण्याची मूठ घेऊन, आणि सासू ती आपल्या बियाण्यात मिसळते, ही आमची रीत. रोफिवाची मूठ मासिंदीनं गेल्या पेरणीआधी स्वतःच्या हातानं मिसळली होती. रोफिवा पाण्याला गेली होती; विहीणबाई सरबत पिता पिता खो खो हसल्या.

"आता सांगायला हरकत नाही. आमच्याकडे घरचं बी उरलंय कुठं? दुकानातलं चांगल्यातलं पाकीट आणलं. त्याला तो औषधाचा गुलाबी रंग असतो ना, मेला जाता जाईना! राखेनं चोळून चोळून धुतलं, लेकीची लाज राहावी म्हणून. पोरीला अजून पत्ता नाही हं, सांगू नका."

मासिंदीनं त्यांना आणखी सरबत दिलं.

त्या गेल्यावर मी म्हटलं, "सांगून टाक सगळ्यांना. तुझा काय दोष?"

"आणि पोरीचं काय? संध्याकाळपर्यंत गावभर होईल, सुनेनं घर बाटवलं म्हणून. माझ्या नणंदा तिला सुखानं बाळंत होऊ देतील?"

"मग गप्प बस."

"आणि त्या बायका? त्यांना विकू? माझ्यावर भरवसा ठेवून लेकरांना भरवतात गं त्या."

"बियाणं जाळ मग."

"सासूचं बियाणं का जाळलं म्हणून सूनच विचारेल आधी."

मला राग आला. तिचा नव्हे, त्या विहीणबाईचा, त्या पाकिटाचा, आणि आमच्या रीतीचासुद्धा.

शनिवारी ती रिकाम्या हातानं बाजारात गेली. गुडघे चालत नाहीत, आता जमायचं नाही, असं तिनं एल्मारीला सांगितलं. जन्मातलं तिचं हे पहिलं खोटं असावं. एल्मारी बिचारी रडली, तिला मिठी मारली, म्हणाली, "तुमच्यासारखं कुणी नाही, मावशी."

पुढं आमच्याच आळीत एक म्हातारा गेला. मासिंदी आली ती डब्याशिवाय. चटईवर बसली, पातेल्यातली वुस्वा घेतली. बायांनी एकमेकींना डोळे घातले. "जिरली एकदाची," कुणीतरी पुटपुटलं. तिनं मान वर केली नाही. मला रडू फुटलं, लोकांना वाटलं म्हाताऱ्यासाठी.

तेवढ्यात रोफिवा आली, पोट सांभाळत, धापा टाकत. रीतीप्रमाणे जमिनीवर कुशीला टेकून तिनं सगळ्यांना नमस्कार केला आणि पदराखालून डबा काढला.

"आई, डबा विसरलात ना! मी घरच्या पिठाची ताजी करून आणली." मग बायांकडे वळून ठसक्यात म्हणाली, "हसा खुशाल. माझं बाळसुद्धा हेच खाणार. पाकिटातला दाणा मी उंबरा ओलांडू द्यायची नाही."

मासिंदीनं हातातला घास खाली ठेवला. डबा उघडला. सून समोर बसून कौतुकानं बघत होती, आणि मासिंदीनं तो सगळा डबा, शेवटच्या घासापर्यंत, खाऊन संपवला.