लिहून द्या

परदेशात, ओंगार उपनगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या नागपूरच्या वहिनी कुणाच्याही तोंडी शब्दावर विसंबत नाहीत. गळका नळ दुरुस्त करून प्लंबर "इट विल बी ग्रँड", म्हणजे इथल्या बोलीत ‘सगळं ठीक होईल’, म्हणाला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडून कागदावर ‘ग्रँड’ लिहून घेतलं, खाली सहीसकट.

त्यांची मुलगी पंधराशे मीटर धावते. तिने अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजच्या कोचला त्याच्या संघात यायचा फोनवर होकार दिला. ते कॉलेज-खेळांच्या तिसऱ्या डिव्हिजनचं, म्हणजे सर्वांत खालच्या गटातलं कॉलेज. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, खेळाडूला बांधून ठेवणारा करारही नसतो. सगळं शब्दावर चालतं. पंधरा दिवसांनी पहिल्या डिव्हिजनच्या एका मोठ्या कॉलेजने लेखी करार पाठवला. निम्मी फी माफ.

मी दोन्हीकडच्या चार वर्षांच्या खर्चाचा तक्ता करून नेला. "वहिनी, छोट्या कॉलेजकडे तुमची सही नाही. तुम्ही मोकळ्या आहात."

त्यांनी आकडे दोनदा तपासले. माझी एक बेरीज चुकली होती, ती सुधारली. मोठ्या कॉलेजच्या बाजूचा फरक आणखी वाढला. मग त्यांनी मुलीला विचारलं, "त्या कोचला तू काय म्हणाली होतीस?"

"आय सेड येस, आई."

"मग झालं."

"अहो, पण कागद कुठे आहे?" मी म्हणालो. "तुम्ही तर ग्रँडसुद्धा लिहून घेता."

"ते मी लोकांकडून घेते, भाऊजी. आमच्याकडून कुणाला लिहून घ्यावं लागत नाही."

आणि माझाच तक्ता उलटा करून त्यांनी मोठ्या कॉलेजला द्यायच्या नकाराचा मसुदा लिहायला घेतला.