म्हातारा उंदीर सुटल्यावर

आमच्या प्रयोगशाळेत उंदरांना थोडा वेळ अरुंद नळीत कोंडून मग सोडतात आणि रक्त तपासतात. तरुण उंदराच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक लवकर उतरतं. तो अंग चाटतो, खायला लागतो. म्हाताऱ्याचं चढलेलंच राहतं. कोपऱ्यात ताठ बसलेल्या त्याच्याकडे मला बघवत नाही. "सुटलाय, पण त्याच्या रक्ताला अजून कळलं नाही," पिंजरे धुणारे मामा आज म्हणाले.

आई बरी होऊन घरी आली त्याला महिना झाला. तिची दवाखान्याची पिशवी अजून दाराशीच आहे. आज कामावरून आल्या आल्या मी ती रिकामी करायला घेतली.

"राहू दे गं," आई म्हणाली.

मी चेन पुन्हा लावली. तिच्या गाऊनखाली माझेही दोन ड्रेस होते. परवा मीच ठेवलेले.