लाँड्रीच्या जागेवरची शाळा

वास्तूवाले डॅलसहून आले, होकायंत्र घेऊन हॉलभर फिरले आणि स्वयंपाकघर आग्नेयेला येतंय म्हणून खूश झाले. मग मी म्हटलं, "मला फरशीला भोक पाडायचंय." जणू मी शुभकार्यात शिंकले, अशी कमिटी माझ्याकडे बघायला लागली.

टेक्ससमध्ये शुगर लँडजवळ आमच्या मराठी मंडळाला हॉल घ्यायचा होता. स्ट्रिप मॉलमधला, म्हणजे रस्त्याकडेच्या बैठ्या दुकानांच्या रांगेतला, टोकाचा मोठा गाळा. पुढे कार्यक्रम, मागच्या खोल्यांत रविवारची मराठी शाळा. मी एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअर. जागा विकत घेण्याआधी तिच्या जमिनीत काय काय मुरलंय ते शोधणं, हेच काम मी आयुष्यभर केलं. नुकतीच रिटायर झाले होते, म्हणजे मंडळाच्या दृष्टीने फुकट उपलब्ध.

"काका, एकपानी कॉन्ट्रॅक्ट करू या," मी आधीच अध्यक्ष सबनीसकाकांना म्हटलं होतं. "काय तपासायचं, रिपोर्ट कोणाचा, एवढंच."

ते हसले. "अगं माधुरी, घरच्या माणसाशी कसलं कॉन्ट्रॅक्ट?"

वास्तूवाल्यांशी मात्र केलं होतं.

भोक पाडायला कारण होतं. मागच्या खोलीतलं कार्पेट उचललं तर काँक्रीटमध्ये कापलेले जाड बोल्ट दिसले. कधीतरी तिथे जड मशिन असणार. शेजारी बुजवलेलं ड्रेन होतं. मी मालकाच्या ब्रोकरला विचारलं.

"काही नाही हो, पूर्वी ड्रायक्लीनर होता," तो म्हणाला. "सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना माहीत होतं, आणि आम्हाला एकानेही सांगितलं नव्हतं. टेक्ससमध्ये एखाद्या जनरलने झाडाखाली घोडा बांधला असेल तरी तिथे पाटी लावतात. त्या पाट्यांसमोर आपण पाहुण्यांचे फोटो काढतो. पण जिथे वर्षानुवर्षं विष जमिनीत गेलं, तिथे नवं कार्पेट टाकतात आणि 'भाड्याने देणे आहे' असा बोर्ड लावतात. मला याचा आजही संताप येतो. या देशातल्या प्रत्येक शहरात असे कोपरे आहेत, आणि शेजारीच लोक पिझ्झा खात बसलेले असतात.

ड्रायक्लीनिंगमध्ये कपडे पाण्याऐवजी रसायनात धुतात. जुन्या काळी उरलेलं रसायन सर्रास ड्रेनमध्ये ओतून द्यायचे. ते जमिनीत खोल उतरतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. त्याची वाफ काँक्रीटच्या भेगांतून वर येते. आमच्याकडे उकाड्यामुळे खिडक्या बंद आणि एसी चालू. ती हवा आत बसलेल्यांच्या छातीत जाते. दिसत नाही, बहुतेकदा वासही येत नाही. दीर्घकाळ श्वासात गेली तर कॅन्सरची भीती असते. आणि मागच्या खोल्यांत मुलं बसणार होती.

मालकाची परवानगी काढून मी बारीक भोक पाडलं, खालची हवा स्टीलच्या डब्यात भरली आणि लॅबला पाठवली. लॅबचे आकडे मुलांसाठी मानलेल्या मर्यादेच्या बरेच वर आले.

मंडळाने व्यवहार कॅन्सल केला. कमिटीच्या मीटिंगमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजल्या.

पुढच्याच महिन्यात त्या रस्त्याने ड्राइव्ह करत होते. त्याच गाळ्यावर रंगीत बॅनर. डेकेअर उघडणार होतं. पाळणाघर! आमची मुलं तिथे आठवड्यातून एकदा येणार होती. ही तान्ही मुलं रोज दिवसभर तिथे झोपणार होती. मी गाडी कडेला घेतली आणि ब्रोकरला फोन लावला.

"त्यांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं नाही."

माझं डोकंच फिरलं. लगेच काकांना फोन केला.

"काका, डेकेअरवाल्यांना रिपोर्ट द्यायला हवा. आजच."

"माधुरी, आपण सुटलो ना? मग कशाला नसती उठाठेव?"

"तिथे बाळं असणार आहेत, काका!"

"रिपोर्ट बाहेर काढायचा नाही, या अटीवर मालकाने आपण जागेसाठी भरलेलं डिपॉझिट परत दिलंय. मी सही केलीय. आणि रिपोर्ट मंडळाचा आहे."

मला काकांचा भयंकर राग आला. आयुष्यभर तेलाच्या कंपनीत सेफ्टीची भाषणं दिलेला माणूस हा!

"रिपोर्ट मंडळाचा कसा?" मी म्हटलं. "मंडळाने माझ्याशी कॉन्ट्रॅक्ट कुठे केलंय? तुमच्या सहीने तुम्ही बांधले गेलात. मी कुठेच सही केलेली नाही. रिपोर्ट घरच्या माणसाचा आहे, आणि घरचं माणूस आत्ता तो घेऊन निघालंय."

मी फोन ठेवला आणि घरी जाऊन रिपोर्टच्या दोन कॉपी काढल्या.

डेकेअरच्या संचालिका खोलीत पाळणे मांडत होत्या. मी रिपोर्ट हातात दिला आणि कार्पेटचा कोपरा उचलून, ते बोल्ट दाखवत सगळं समजावलं. "कुणीच कसं बोललं नाही?" एवढंच त्या विचारत राहिल्या. मग एकेक पाळणा घडी करायला लागल्या, आणि मीही त्यांना मदत केली. तिथून निघून मी दुसरी कॉपी राज्याच्या पर्यावरण खात्याला पाठवली. पुढे खात्याची माणसं येऊन तपासून गेली. गाळा आता बंद आहे आणि मालकाला जमीन साफ करायला लावलंय. पाटी अर्थातच नाही.

मंडळात काही दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलणं होतं. परवा सबनीसकाकांचा फोन आला. नवी जागा बघितलीय, म्हणाले. पूर्वी तिथे टायरचं दुकान होतं.

"या वेळी आधी कॉन्ट्रॅक्ट करू हं, माधुरी."

"छे, काका," मी म्हटलं, "घरच्या माणसाशी कसलं कॉन्ट्रॅक्ट?"