मोठेबाबा होस्टेल पाहायला गेले

आमच्याकडे कोणाचंही लग्न निघालं की मांडवात बसल्या बसल्या माझ्या होस्टेलची गोष्ट निघते. सांगणारे बदलतात, गोष्ट तीच. फक्त दर खेपेला मी आदल्या खेपेपेक्षा थोडी जास्त बावळट झालेली असते. मागच्या लग्नात तर मी एसटीच्या सीटखाली लपले होते असं एका भाच्यानं छातीठोकपणे सांगितलं. तेव्हा म्हटलं, आपणच एकदा लिहून टाकावी. बावळट तर बावळट, निदान स्वतःच्या हातची.

सत्तरच्या आसपासची गोष्ट आहे. रामटेकजवळ आमचं गाव आणि घरची धानाची शेती. मी मॅट्रिक झाले होते आणि गावातल्या पोरींमध्ये पहिली आले होते. मॅट्रिकला बसलेली पोरगी मी एकटीच होते ही बारीकशी बाब मी त्या उन्हाळ्यात कोणाच्या लक्षात येऊ दिली नाही. मला नागपूरला शिकायला जायचं होतं. तिथल्या मुलींच्या एका कॉलेजनं जूनमध्ये एक दिवस ठेवला होता. पालकांनी यावं, कॉलेज पाहावं, वसतिगृह पाहावं, काय विचारायचं ते विचारावं. हेडमास्तरांनी ही बातमी घरी येऊन सांगितली आणि चहा पिऊन गेले.

घरात निर्णय घेणार मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांच्यासमोर माझे वडील फक्त खोकत. मोठेबाबांनी कॉलेज कधी पाहिलं नव्हतं, पण पोरींसाठी घरं पाहण्यात त्यांचा हात तालुक्यात कोणी धरू शकत नव्हतं. कोणाच्याही पोरीचं स्थळ आलं की घर पाहायला त्यांना घेऊन जात. त्यांचा निकाल द्यायचा कायदा ठरलेला होता. घर पसंत पडलं तर कपभर चहा प्यायचा. नापसंत असलं तर "पोट बरोबर नाही" म्हणून नुसतं पाणी प्यायचं. अर्धा कप प्याले तर विचार सुरू आहे. तोंडानं ते कधीच काही बोलत नसत आणि चेहऱ्यावर तर कधी काही दिसतच नसे. लोक कपात डोकावून पाहत.

आणि माझी खरी भीती ही होती की आठवड्यापूर्वीच ते कन्हानला जाऊन आले होते. तिथल्या खाणीच्या ऑफिसात नोकरीला असलेल्या एका मुलाचं माझ्यासाठी सांगून आलं होतं. सोबत गेलेल्या आत्यानं परत आल्यावर मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "अर्धा कप पेले वं."

म्हणजे एका बाजूला कन्हान, अर्धा कप. दुसऱ्या बाजूला नागपूर, अजून काहीच नाही.

त्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही चौघं निघालो. मोठेबाबा, वडील, आत्या आणि मी. नागपुरात सदरला उतरल्यावर मोठेबाबांनी हॉटेलात सगळ्यांना आलूबोंडे खाऊ घातले, स्वतः दोन ग्लास पाणी प्याले आणि मिशा पुसत म्हणाले, "चला, पाहून घेऊ घर."

"घर नाही मोठेबाबा, होस्टेल आहे," मी म्हटलं.

"पोरगी राहणार ना तिथं? मंग घरच."

तिथे पोचलो तर बाकीचे पालक फी किती, वर्ग कधी सुरू, असलं किरकोळ काहीतरी विचारत होते. मोठेबाबा सरळ रेक्टरबाईंपुढे जाऊन बसले. बाई उंच होत्या. पांढरं पातळ, चष्मा आणि कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. मोठेबाबांनी आधी तो जुडगा पाहून घेतला. किल्ल्या बाईच्या कमरेला, म्हणजे घरात चालतं कोणाचं हा प्रश्न मिटला.

"खाणारी माणसं किती?" त्यांनी सुरुवात केली.

"खोल्या भरल्या की ऐंशी मुली होतात."

"अरे बाप्पा! एकत्र कुटुंब आहे गा," मोठेबाबा वडिलांना म्हणाले. वडील खोकले. "अन् घरात माणूस कोण?"

"माणूस?"

"म्हंजे गडीमाणूस."

"इथे पुरुष राहत नाहीत. फाटकावर चौकीदार आहे तेवढाच."

"पेते का?"

"काय?"

"दारू."

बाईंचा चष्मा खाली घसरला. मोठेबाबा उत्तरासाठी थांबलेच नाहीत. ते फाटकाशी गेले, चौकीदाराकडे विडीसाठी काडीपेटी मागितली आणि काडी ओढायच्या निमित्तानं त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन आले. मग मागच्या अंगणातल्या विहिरीत खडा टाकून कान लावला. मग स्वयंपाकघरात शिरून तांदळाच्या पोत्यात हात घातला आणि एक दाणा दाताखाली फोडला. रेक्टरबाई आणि आम्ही त्यांच्या मागे वरातीसारखे फिरत होतो. बाईंना त्यांनी सुईत दोरा ओवायला लावला नाही, एवढंच काय ते राहिलं.

परत खुर्चीवर बसल्यावर बाईंनी जरा धीर करून स्वतःचे प्रश्न काढले. "मुलीला काही आजार?"

"लहानपणी गोवर. बाकी ठणठणीत."

"अभ्यासाची सवय?"

"पोरगी कामाची आहे बाई. धानाच्या रोवण्याले बायांच्या बरोबरीनं चिखलात उभी राहते. पोळी जराशी जाड लाटते, पण शिकून जाईल."

"इथे तिला पोळ्या लाटायच्या नाहीत हो," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे स्वयंपाकाला बायका आहेत. तिनं फक्त अभ्यास करायचा."

मोठेबाबांनी वडिलांकडे पाहिलं. वडील या वेळी खोकायचंही विसरले.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "काय गं, अंथरूण-पांघरूण घरून आणणार ना?"

मी या क्षणासाठी महिनाभर तयारी केली होती. हेडमास्तरांनी लिहून दिलेलं इंग्रजी वाक्य म्हशीला पाणी पाजताना, धुणं धुताना घोकलं होतं. प्रश्न कोणता येईल याचा मात्र विचार केला नव्हता. मी उभी राहिले, हात मागे बांधले आणि म्हणाले, "माय एम इन लाइफ इज टू सर्व्ह माय कंट्री."

"छान," बाई म्हणाल्या. "गादी आणशील का?"

एवढ्यात ट्रे आला. कपबश्या, बशीत बिस्किटं, स्टीलच्या ग्लासांत पाणी. माझे कान गरम झाले. पूर्ण कप, अर्धा कप की नुसतं पाणी? मी मनात रामटेकच्या रामाला नारळ बोलून टाकला.

मोठेबाबा खुर्चीवरून उठले आणि त्यांनी हात जोडले. "आमचं राहू द्या बाई."

"असं कसं? एवढ्या उन्हातून आलात. घोटभर चहा घ्या."

"नाही."

"निदान पाणी तरी!"

"पाणीही नाही."

आत्यानं बिस्किट उचलून अर्ध्या वाटेपर्यंत नेलं होतं. मोठेबाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. तिनं ते हळूच बशीत परत ठेवलं आणि बोटं पदराला पुसली. वडिलांनी ग्लासला हातच लावला नाही.

"तू पे पोरी," मोठेबाबा मला म्हणाले, अगदी मऊ आवाजात.

फाशीच्या कैद्याला शेवटचं काय हवं ते विचारतात म्हणे, तसं मला वाटलं. नापसंत घरीही हा माणूस पाणी पितो. इथे पाणीसुद्धा नाही! असा निकाल तालुक्यात आजवर कोणाचा लागला नव्हता. माझ्या देशसेवेच्या वाक्यानंच घात केला असणार. मी ते पाणी प्याले. ते घशातून खाली उतरताना सगळ्यांना ऐकू गेलं असेल.

बाहेर जूनचं ऊन. सदरच्या रस्त्यानं चालताना डांबराला चपला चिकटत होत्या. कोपऱ्यावर उसाची रसवंती होती, घुंगरं वाजत होती.

"दादा, जीव चालला माया," आत्या म्हणाली. "रस नाही तं नाही, त्या पाणपोईचं पाणी तरी पेऊ द्या."

"नाही म्हटलं ना. नदी ओलांडू दे."

नदी म्हणजे कन्हान नदी. तिच्या पलीकडे लागूनच कन्हान गाव. मला आता सगळं स्वच्छ दिसायला लागलं. अर्धा कप राहिला होता तो पूर्ण करायला निघाले होते. त्यासाठी तहान राखून ठेवत होते! पोटात जागा ठेवून जेवायला जावं तशी.

एसटीत मी खिडकीशी बसले. माझं शिक्षण, माझं देशकार्य, माझी न आणलेली गादी, सगळं मागं चाललं होतं. कामठीला गाडी थांबली तेव्हा समोर नळ वाहत होता. वडिलांनी जीभ ओठांवरून फिरवली. मोठेबाबांनी मान हलवली. "हे बी नागपूरच समजा." मग पूल आला. खाली नदीत पाण्यापेक्षा वाळूच जास्त होती. पूल संपला, कन्हान आलं, गाडी थांबली आणि मोठेबाबा उठले.

"चला, उतरा."

मी पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरला. "मी नाही उतरत."

"काहून वं?"

आणि मग माझं सगळं बाहेर आलं. सीटखाली मी लपले नव्हते, पण लपले असते तर बरं, असं माझं वागणं होतं. "मले नाही जायचं कन्हानले! अर्धा कप चहा पेले तुम्ही अन् त्यात माया जन्म बुडवून राहिले! त्या बाईनं पाणी देलं तं तेही नाही पेले! मी नाही करत लग्न!"

सगळी एसटी माना वळवून बसली. कंडक्टरनं घंटीची दोरी हातातच ठेवली. मागून एक म्हातारी म्हणाली, "नका बाप्पा जबरदस्ती करू पोरीवर."

मोठेबाबा मधल्या वाटेत उभे. ओठ कोरडे पडलेले. "पाणी तं पेऊ देशील का नाही वं मले?" म्हणाले आणि खाली उतरले.

स्टँडवरच्या चहाच्या टपरीशी मातीचा मोठा माठ होता. मी खिडकीतून पाहत होते. त्यांनी पहिला ग्लास घटाघटा रिकामा केला, मग दुसरा, मग तोंडावर मारला, मग आणखी एक. मागून वडील प्याले. आत्यानं तर ग्लासची वाट न पाहता ओंजळ धरली. कंडक्टर ओरडला, तशी तिघंही परत येऊन आपापल्या जागी बसली. गाडी सुटली. कन्हानचं घर, खाणीचं ऑफिस, सगळं मागं राहिलं.

मोठेबाबांच्या मिशांतून पाणी ठिबकत होतं. "कन्हानले पोरगी द्यायची असती," ते म्हणाले, "तं इथचं पाणी पेलो असतो का मी?"

मी दांड्यावरचे हात काढले. "मंग?"

"कप पसंती सांगाले असते, मी तं बसल्या जागीच नागपूरले देल्ली तुले. त्या किल्ल्यावाल्या बाईच्या घरी. पोरगी देल्ली त्या गावचं पाणी पेत नसतेत, तिले लेकरू होईपर्यंत. एवढं समजत नाही, अन् चालली शिकाले!"

आता या रीतीबद्दल मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या चुलतबहिणीच्या सासरी ते तहानलेले बसून येत, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण होस्टेलला कोणी पोरगी देतं, हे माझ्या मॅट्रिक झालेल्या डोक्यात कुठून येणार?

"दादा, एवढं काय पाहिलं गा त्या घरात?" आत्यानं विचारलं. बिस्किटाचं दुःख तिच्या आवाजात अजून होतं.

"कन्हानच्या पोराची माय पहिलेच म्हणाली होती, आमच्याकडे पाहुणे लई येतात, पोळ्या पटापट आल्या पायजे." मोठेबाबा बाहेर पाहत म्हणाले. "ही बाई म्हणते, लाटाच लागत नाही. असं सासर मी जन्मात पाहिलं नाही."

वडील खोकले. या वेळी खोकल्यात जरा हसू होतं.

मी गादी घेऊन गेले. पालकांना भेटायला यायचा दिवस रविवार असे. मोठेबाबा महिन्यातून एकदा फिरकीच्या तांब्यात गावचं पाणी भरून येत, रेक्टरबाईंसमोर तो तांब्या फिरवून उघडत आणि त्यातलंच पाणी पीत. बाईंना आधी वाटलं आम्ही फार सोवळे. आमच्या घरात सोवळ्याची कोणाला ओळखसुद्धा नव्हती, हे त्यांना काय माहीत. शेवटी मी खरं काय ते सांगितलं. बाई चष्मा काढून हसल्या आणि त्या दिवसापासून रीतसर माझी सासू झाल्या. "तुमची मुलगी उशिरा उठते," "तुमच्या मुलीनं बादली फोडली," असं त्या सांगत आणि मोठेबाबा मुलीकडच्या माणसासारखे मान खाली घालून ऐकत.

मी बी.ए. झाले. लेकरू झालंच नव्हतं, पण बी.ए. हे लेकराच्या जागी धरावं असं मोठेबाबांनी घरात जाहीर केलं. आम्ही चौघं पुन्हा सदरला उतरलो. या वेळी तांब्या नव्हता. मेसमध्ये पाट मांडले. मोठेबाबा बसले आणि पाण्यासारख्या वरणात बोट बुडवून पाहिलं.

"रोज हेच होतं का वं?"

"हो."

"मंग कधी सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही परत नेलं असतं."

त्यांनी जरा विचार केला. मग ग्लास उचलून पाणी प्याले, सावकाश, सगळं. "पाणी चांगलं आहे," म्हणाले. "विहिरीत खडा टाकला तेव्हाच समजलं होतं मले."

आत्याला वरणात रस नव्हता आणि पाण्यातही नव्हता. ती पाटावरून उठली आणि सरळ रेक्टरबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, माया त्या दिवशीचा बिस्कूट कुठं आहे?"