पडद्यामागचं पाणी

धारूरच्या बाजारगल्लीत ख्वाजा टेलरचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागचं घर आणि पुढची मशीन यांच्या मधे एक जाड पडदा. या पडद्यातून दिवसात कितीदा तरी एक हात बाहेर यायचा. मनगटात हिरव्या बांगड्या, बोटांत पाण्याचा गिलास. ख्वाजा मान वर न करता गिलास घ्यायचा, रिकामा करायचा आणि तसाच मागं द्यायचा. गिऱ्हाइकांना उभ्या हयातीत फरीदाभाभीचं एवढंच दर्शन घडलं.

ख्वाजाला तहान लागते का, हा प्रश्न कुणाला पडला नाही. खुद्द ख्वाजालाही नाही. तहान लागायच्या आधीच पाणी हजर असायचं. थाट एखाद्या संस्थानिकाचा, आणि गडी शिवत होता काय, तर शाळेच्या खाकी चड्ड्या.

दिवाळीनंतरच्या थंडीत फरीदा गेली. छातीत कळ आली आणि अंबाजोगाईला नेता नेता रस्त्यातच संपलं. चाळिसावा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि ख्वाजा मशीनवर जाऊन बसला. लोक म्हणाले, मोठा धीराचा माणूस. धीर कसला, त्याला दुसरीकडं बसताच येत नव्हतं.

पडदा मात्र आता हलेना. सून मेहेक मनानं चांगली, पण बाहेर परकी माणसं बसलेली असताना पडद्यातून हात काढणं तिला कसंसंच वाटायचं. ती सकाळी एक मोठी बाटली भरून मशीनजवळ ठेवायची आणि संध्याकाळी रिकामी उचलून न्यायची. तिचा नवरा आमेर माजलगावला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात. रात्री आला की विचारायचा, "अब्बा पाणी पितेत ना?"

"बाटली रिकामी होती की रोज," मेहेक म्हणायची.

रिकामी होत होती हे खरंच. फक्त ते पाणी ख्वाजाच्या पोटात जात नव्हतं. इस्त्री फिरवण्याआधी कापडावर पाणी शिंपडावं लागतं. पूर्वी त्यासाठी वेगळा डबा होता, आणि तो भरून ठेवायचं काम फरीदाचं. आता डबा कोरडा आणि बाटली हाताशी. गावातल्या सगळ्या पायजम्यांची तहान भागली, शिवणारा तेवढा कोरडा राहिला. यात कपट काही नव्हतं. पाणी आपणच उचलून तोंडाला लावायचं असतं, ही गोष्ट त्याच्या डोक्यात कधी शिरलीच नव्हती.

मे महिना लागला. पत्रे तापून दुपारी दुकानात बसवेना. तरी परमेश्वर यायचाच. बाजार समितीतला हा निवृत्त शिपाई ख्वाजाचा शाळेपासूनचा दोस्त, आणि दुकानातल्या बाकड्याचा आपणच नेमलेला मालक. पुतण्याच्या लग्नासाठी त्यानं शर्ट शिवायला टाकला होता. घालून बघितला, तर उजवी बाही मनगटापर्यंत आणि डावी कोपरापर्यंत.

"हे काय बे? अर्धा मी लग्नाला जाऊ अन् अर्धा शेतात?"

"तूच म्हणलतास ना, उन्हाळ्याचा शिव."

"मंग एका हाताला उन्हाळा अन् दुसऱ्याला हिवाळा व्हय?"

ख्वाजा हसला नाही. आपण काय केलंय ते त्याला दिसतच नव्हतं.

गल्लीला आठवडाभर तो शर्ट पुरला. बायको गेली अन् म्हाताऱ्याचं डोकंही तिच्याबरोबर गेलं, असा निकाल लागला. दुःखाचं एक सोयीचं असतं, त्याच्या नावावर काहीही खपवता येतं. ओठ फुटले, दुःखानं. जेवण सुटलं, दुःखानं. माणूस दिवसाकाठी एकदा जेमतेम मोरीकडं जातो, याकडं तर कुणाचं लक्षच नव्हतं.

एका दुपारी परमेश्वर बाकड्यावर टेकतो न टेकतो, तोच ख्वाजा पडद्याकडं तोंड करून म्हणाला, "फरीदा, परमेश्वर आया. दो गिलास ला."

परमेश्वरच्या तोंडातलं पान चावायचं थांबलं. "कुणाला सांगायलास बे?"

"कुणाला म्हंजे? तुझ्या भाभीला. सकाळधरून मधी भांडी लावायलीय. बांगड्या वाजायल्यात. तुला ऐकू येईना का?"

त्याचा चेहरा इतका खुललेला परमेश्वरनं कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. तेच त्याला सहन होईना. तो उठला आणि पडद्याच्या अलीकडूनच म्हणाला, "मेहेक, पोरी, आमेरला फोन लाव. आत्ता."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ख्वाजाच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कडक इस्त्रीच्या घडीसारखी ती तशीच उभी राहिली.

"दिवसाला पाणी किती पितात?"

"मोठी बाटली भरून," मेहेक म्हणाली.

"ती इस्त्रीला लागती," ख्वाजा झापडल्या डोळ्यांनी म्हणाला. कामाच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नव्हता.

"आम्हाला वाटलं, अम्मीच्या दुःखानं असं झालंय," मेहेक म्हणाली.

"दुःख असेल हो," बाई म्हणाल्या, "पण आत्ताचा भ्रम पाणी तुटल्याचा आहे. लघवीत जंतूही झालेत. या वयात तहान नीट कळत नाही. लागली की पिईन म्हणून थांबायचं नाही, ठरवून प्यायचं. अजून थोडे दिवस गेले असते, तर किडन्या हातच्या गेल्या असत्या."

सलाईन चढलं. औषधं सुरू झाली. हळूहळू माणूस ठिकाणावर आला. शुद्धीत आल्यावर त्यानं आधी मेहेकला विचारलं, "तुझी सास गेली ना गं?"

"हां, अब्बा."

"थंडीत."

"हां."

तो भिंतीकडं वळला. मातीच्या दिवशी ज्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हता, तो माणूस सलाईनची सुई हातात असताना रडला. रडायलाही अंगात पाणी लागतं.

घरी आल्यावर आमेरनं ख्वाजाच्या मोबाइलमध्ये गजर लावून दिला. तासातासाला तो मोबाइल अवेळी उठलेल्या कोंबड्यासारखा ओरडायचा. ख्वाजा तो बंद करायचा. मेहेक आता पडद्याआडून नजर ठेवून होती. चार दिवसांत तिला दिसलं, की अब्बा बाटली उचलतात, उंबऱ्यापाशी जातात आणि नालीत ओततात. तिनं आमेरला सांगितलं नाही. परमेश्वरला सांगितलं.

"कावून ओततो बे?" परमेश्वर म्हणाला. "जगायचं न्हाई का तुला?"

ख्वाजानं बराच वेळ चाकातला दोरा काढल्यासारखं केलं. दोरा नव्हताच.

"तवा ती मधी होती रे," तो शेवटी म्हणाला. "भांडी लावायची. मधीच खाकरायची. मी हितं शिवायचो अन् मला लई बरं वाटायचं. सलाईन लागलं अन् घर मुकं झालं. आता पाणी पीत गेलो तर ती परत कवाच येणार न्हाई."

परमेश्वरकडं सगळ्या जगासाठी टोमणे तयार असायचे. या वेळी त्यानं टोमणा गिळला. त्यानं पान बाहेर जाऊन थुंकलं आणि परत येऊन बसला.

"त्या दिवशी तू दोन गिलास मागितले."

"हां."

"आलं का पाणी?"

ख्वाजानं पडद्याकडं बघितलं.

"अरे, भाभी तू मागूस्तोवर थांबायची का? अन् तू तर मागितलंस, माझ्यासमोर मागितलंस. तरी पडदा हालला न्हाई. कोण होतं मग मधी, तूच सांग."

बाहेरून एक टेम्पो गेला. त्याची धूळ दारातून आत आली आणि अर्धवट शिवलेल्या कापडावर बसली. ख्वाजानं ती झटकली नाही.

"न्हाई आलं पाणी," तो म्हणाला.

मग तो उठला, पडदा बाजूला केला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. मेहेक पोळ्या लाटत होती. कोपऱ्यात माठ होता. माठावर झाकण होतं, झाकणावर ओगराळं होतं. ख्वाजानं इकडं तिकडं बघितलं. याच घरात त्याचं लग्न झालं, पोरगं झालं, पोराला मिसरूड फुटली.

"गिलास कुठं असतेत?" त्यानं विचारलं.

मेहेक उठायला लागली. त्यानं हातानंच तिला बसवलं.

"नुसतं सांग."

तिनं फळीकडं बोट केलं. त्यानं गिलास काढला, माठात ओगराळं बुडवलं. निम्मं पाणी गिलासात पडलं, निम्मं सदऱ्यावर.

"बसून पिवा, अब्बा," मेहेक हळूच म्हणाली.

तो भिंतीला टेकून खाली बसला. एकेक घोट घेत, मधे मधे थांबत, कान देत त्यानं तो गिलास संपवला. लाटण्याशिवाय घरात कशाचा आवाज नव्हता.

मग त्यानं उठून दुसरा भरला.