परक्याच्या मेथीतला फोटो

माझ्या आईचा सरळ उभी असतानाचा एकही फोटो नव्हता. लग्नातल्या फोटोत मान खाली आणि तोंड मुंडावळ्यांत. पुढे एकदा शेतकी खात्याचे साहेब आमचा फ्लॉवर बघायला आले, त्यांनी फोटो काढला. त्यात गड्डा ठसठशीत आणि मागे आईची पाठ. "गड्ड्याचं तोंड दिसतंय, माझं नाय," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. नाशिकच्या शिवेवर आमचा भाजीचा मळा होता. मळ्यात बाई दिवसभर वाकलेलीच असते, आणि कॅमेरेवाला यायचा तेव्हा नेमका दिवस असायचा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मामा ओझरला विमानाच्या कारखान्यात कामाला होता. हिवाळ्यात एकदा तो आला आणि आपला कॅमेरा घरी ठेवून म्हणाला, "ताई, रोलात चारच फोटो उरलेत, उडवून टाका." त्याच क्षणी आईने जाहीर केलं, की धरणावर जायचं, जांभळी सिल्कची साडी नेसायची आणि पाण्यासमोर ताठ उभं राहून फोटो काढायचा. मागे शेत नको, हातात भाजी नको, पायाला चिखल नको.

अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "कामाचे दिवस हायेत, फोटोला पळून चाललंय का धरण?"

आईने बोलणं बंद केलं. तिचा तोंडाचा पट्टा अखंड चालू असायचा, त्यामुळे ती गप्प बसली की घरात फार भीती वाटायची. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा मुकाट्याने भाजीचा टेम्पो धूत होते. तीनदा धुतला तरी कोथिंबिरीचा वास जाईना.

निघताना आईने कायदा केला. आज भाजीचं नाव काढायचं नाही. जो काढील त्याला पुऱ्या मिळणार नाहीत. डब्यात बटाट्याची भाजी होती, तिलाही दिवसभर नुसतं 'बटाटे' म्हणायचं ठरलं. मी आणि धाकटा भाऊ मागे पोत्यांवर बसलो. आई पुढे केबिनमध्ये, मांडीवर पदर, पदरावर कॅमेरा.

धरणावर काय मजा आली म्हणून सांगू! कोवळं ऊन, गार वारा, आणि आमच्यावर ओरडायला कोणी नाही. अण्णा चक्क आमच्याबरोबर काठाने पळत पाण्यावर चपट्या दगडांच्या भाकऱ्या उडवत होते. मी तोवर त्यांना पळताना पाहिलेलं होतं ते फक्त दुसऱ्याची गाय मळ्यात शिरली की.

फोटोंचं मात्र बघता बघता वाटोळं झालं. पहिला भावाने घालवला. आत काय आहे म्हणून त्या गाढवाने भिंगात डोळा घातला आणि बटण दाबलं. पुढे रोल धुऊन आला तेव्हा त्यात एक नाकपुडी निघाली. दुसऱ्या फोटोला आई पाण्यासमोर ताठ उभी राहिली, पदर सारखा केला, हसली, आणि मी बटण दाबायला आणि मधून म्हैस जायला एकच गाठ पडली.

"तुमच्याच्याने नाय व्हायचं," म्हणत अण्णांनी कॅमेरा घेतला. आई पुन्हा उभी राहिली. अण्णांनी कॅमेरा डोळ्याला लावला, आईवर धरला, आणि हळूहळू डावीकडे वळवला. पाणी मागे हटलं की धरणाच्या काठाला गाळाची जमीन उघडी पडते, तिथे कोणीतरी मेथी केली होती. हिरवीगार, गुडघ्यालगत.

"आयला, काय पान हाय!" अण्णा म्हणाले आणि खटकन बटण दाबलं.

आईचा अवतार बघण्यासारखा होता. "आवो, एक म्हशीला, एक मेथीला! मग मी कोण? आं? मी कोण?" तिने कॅमेरा हिसकावून घेतला आणि स्वतःच्याच गळ्यात अडकवला. "आता एकच राह्यलाय. हात लावून तर बघा कोणी." मग तिचा फोटो काढणार कोण, हे विचारायची कोणाचीच छाती झाली नाही. अण्णांच्या पुऱ्या बंद झाल्या. ते नुसते बटाटे खात बसले.

त्या मेथीत एक म्हातारं जोडपं कामाला लागलं होतं. बाई उपटत होत्या आणि बाबा जुड्या बांधत होते. त्यांची गाडी चारला येणार होती आणि अर्धं वावर अजून उभंच होतं. आई खाता खाता तिकडे बघत होती. मध्येच तिचा घास हातातच थांबला.

"बघा, बघा कसं बांधतोय. मुळं एकीकडं, पान एकीकडं. मार्केटात हात तरी लावंल का कोणी?"

"आज भाजीचं नाव काढायचं नाय ना?" अण्णा अगदी गोड आवाजात म्हणाले.

आई उठली. "म्हाताऱ्याला नुसतं दाखवून येते. एकच जुडी." साडी दोन बोटं वर धरून, चिखल चुकवत चुकवत ती गेली. बाबांच्या हातातली मेथी घेतली, मुळं एका रेषेत केली, आणि माती झटकायला जुडी सवयीने धाडकन मांडीवर आपटली.

जांभळ्या सिल्कवर ओल्या गाळाचा हा एवढा मोठा डाग! आईने डाग नखाने खरवडून बघितला. मग म्हणाली, "गेली ती गेली," पदर खोचला आणि खाली बसली.

त्यानंतर आम्ही थोडेच मागे राहणार? मी आणि भाऊ उपटायला, आई आणि बाबा बांधायला, अण्णा जुड्या बांधावर रचायला. आमच्या मळ्यात हेच काम करताना आम्ही रोज कुरकुर करायचो. त्या दिवशी शर्यती लावल्या, गाणी म्हटली, भाऊ दोनदा गाळात पालथा पडला. म्हाताऱ्या बाईंनी आमच्या उरलेल्या पुऱ्या अण्णांना खाऊ घातल्या. मी आयुष्यात तेवढी परत कधी हसले नाही, खोटं कशाला सांगू! चारला गाडी आली तेव्हा वावर मोकळं होतं.

"तुमचा फोटू राह्यला की वो ताई," बाबा म्हणाले.

"नको," आई म्हणाली. स्वतःकडे बघून तिला एकदम रडूच आलं. "असल्या ध्यानाचा काय काढायचा? पुन्हा चिखल अन् पुन्हा भाजीच."

पण अण्णांनी तिच्या गळ्यातला कॅमेरा हळूच काढून बाबांच्या हातात दिला आणि ते आम्हा दोघांना ओढून तिच्याजवळ बसले. बाबांनी कॅमेरा जन्मात पहिल्यांदा धरला होता. आई रडायची थांबली, कारण तिला दिसलं की म्हाताऱ्याचा अंगठा भिंगावर आहे. शेवटचा फोटोही जातो म्हटल्यावर ती ताडकन उभी राहिली आणि हातातली जुडी रोखून ओरडली, "आवो बाबा, अंगठा! अंगठा काढा!"

खट.

रोल धुऊन आला तेव्हा आई आठ दिवस धुमसत होती. फोटो तिने डब्यात तळाशी टाकून दिला.

पुढे शहर आमच्यापर्यंत आलं. दोन हजारनंतर मळा गेला, तिथे इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यातल्याच एकीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो. सामान लावताना अण्णांना आपल्या मळ्याचा एखादा फोटो भिंतीवर हवा होता. सगळे डबे उपसले. साहेबांच्या फोटोत नुसता गड्डा आणि आईची पाठ, मळ्याचा असा एकही नव्हता. आपल्या मळ्याचा फोटो कोण काढतं? तो तर रोजच होता.

आईने धरणावरचा तो फोटो शोधून आणला आणि चौकट करून घेतली. कोपऱ्यात म्हाताऱ्याचा अर्धा अंगठा, आम्ही तिघं पोट धरून हसतोय, आणि मधोमध आई, चिखलाने माखलेली, तोंड उघडं, जुडी रोखलेली, सरळ उभी.

परवा शेजारची नवी सून आली होती. फोटोकडे बघून तिने विचारलं, "काकू, हे तुमचं शेत का?"

मी अण्णांकडे बघितलं. दुसऱ्याची चूक सुधारल्याशिवाय त्यांना घास जात नाही.

"हो, आमचंच," आई म्हणाली.

अण्णांनी चष्मा पुसला. म्हणाले, "पान बघ, पोरी. काय पान होतं!"